उसने नाव

‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. दोहोंत अंतर अवघ्या एका मात्रेचे. आमच्या घरातील एका मुलीच्या बाबतीत पहिले आम्ही मोठ्या हौसेने केले आणि दुसरे उतावळेपणाने. ती हकीकत वाचकांपुढे मांडीत आहोत. ज्या घरांतील मुले परदेशी चाकरीस निघाली असतील, त्यांस कदाचित ती उपयोगी पडेल.

बालाघाटाच्या कडेस वसलेले येडशी हे आमचे गाव. रामलिंगाच्या दर्शनास येणारी मंडळी व बार्शीकडून लातुरास जाणारी आगगाडी, एवढीच आमची बाहेरच्या जगाशी ओळख. जन्म संस्कृत व मराठी शिकविण्यात गेला. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकली आणि दोन वर्षांपूर्वी मॉरिशस बेटावर नोकरीस गेली. काम असे, की फ्रान्समधील ग्राहकांच्या तक्रारी दूरध्वनीवर ऐकावयाच्या व फ्रेंचमध्ये त्यांचे समाधान करावयाचे. वरिष्ठांशी बोलणे व सर्व टिपणे मात्र इंग्रजीत. तिची काकू म्हणाली, “एवढे शिकून शेवटी लोकांची बोलणीच ऐकायची ना?”

मॉरिशसमध्येच हे काम का चालावे, ह्याचे उत्तर इतिहासात आहे. हे बेट इ. स. १७१५ पासून फ्रेंचांकडे होते. १८१० साली इंग्रजांनी ते जिंकले. पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे व चालीरीती राखण्याचे वचन दिले. त्यामुळे राज्यकारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये व घरचे बोलणे क्रिओलमध्ये, अशी तेथील वहिवाट पडली. १९६८ साली स्वातंत्र्य मिळाल्यावरही ती टिकली. शिवाय तेथील घड्याळ आपल्या दीड तास मागे आणि फ्रान्सच्या उन्हाळ्यात दोन, हिवाळ्यात तीन तास पुढे. म्हणजे फ्रान्समधील दिवसाच्या तक्रारी तेथेही दिवसाच ऐकता येतात. अमेरिकेच्या वेळेशी जुळवून घेण्यासाठी आपल्याकडील तरुणांना रात्री जागाव्या लागतात. तो जाच तिला नाही.

ती जाण्यापूर्वी सुटीत तिच्याकडून आम्ही थोडे फ्रेंच ऐकून घेतले आणि आम्हांस मोठे नवल वाटले. सप्त तेथे ‘सेत’ होते, दश ‘दीस’ होते. आदरार्थी ‘व्हू’ हा शब्द आमच्या युष्मद् सर्वनामाच्या ‘वः’ ह्या रूपाचा दूरचा आप्त. नव्वदास तर ते ‘चार विसा नि दहा’ म्हणतात. आमच्या आजीही आंबे अशाच मोजीत! झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडिताने मराठीच्या जडणघडणीवर मोठा ग्रंथ लिहिला, तोही फ्रेंचमध्येच. अशा भाषेत आमची मुलगी बोलणार म्हणून आम्हांस अभिमान वाटला.

तीन महिन्यांनी तिचा दूरध्वनी आला. कचेरीत प्रत्येकाने कामापुरते एक फ्रेंच नाव घ्यावे, असा दंडक होता. त्या कचेरीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी चाल इतरत्रही आहे. मुलीला आमच्या कैलासवासी मातोश्रींचे नाव दिलेले. आम्ही ताडकन म्हणालो, “नामकरण हा संस्कार आहे. पगारासाठी संस्कार बदलत नाहीत. नोकरी सोड आणि परत ये.” ती म्हणाली, “काका, डोक्यावर कर्ज आहे. मला विचार करू द्या.” तिने नाव घेतले. आम्ही बोलणे टाकले. घरात तिचा विषय निघाला की आम्ही वर्तमानपत्र उघडीत असू. असे पाच महिने गेले.

गणेशचतुर्थीस तिनेच दूरध्वनी केला. त्या दिवशी मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते. एका मराठी वंशाच्या कुटुंबाने तिला प्रसादास बोलाविले होते. त्या घरच्या आजी संपूर्ण आरती मराठीत म्हणतात, पण त्यांचे बोलणे सारे क्रिओल. इ. स. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून सुमारे पाच लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत आपल्या कोकणपट्टीतील मराठी माणसेही होती. पोर्ट लुई बंदरातील त्यांच्या उतरण्याची जागा ‘आप्रवासी घाट’ म्हणून आज जागतिक वारसा मानली जाते. सरकारी कारकुनाने कानांवर पडेल तसे नाव वहीत लिहिले. कित्येकांच्या बाबतीत एका माणसाचे तेच वेडेवाकडे नाव पुढे साऱ्या कुळाचे आडनाव झाले. “त्यांची नावे दुसऱ्यांनी बदलली, काका, आणि परत मिळाली नाहीत,” ती म्हणाली. “मी माझे सकाळी काढून ठेवते आणि संध्याकाळी परत घालते.”

आम्ही विचारले, “पण मुळात काढावे का?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आठवड्यातून एखादा माणूस फार वाईट बोलतो. परवा एकाने इतक्या शिव्या दिल्या, की मी फोन ठेवून पाणी प्यायले. त्या शिव्या त्या फ्रेंच नावाला लागल्या. आजीचे नाव घेऊन त्या दिल्या असत्या, तर मला सहन झाल्या नसत्या.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. ज्या नावासाठी आम्ही रुसलो होतो, ते ती आमच्याहून अधिक जपत होती.

त्या रात्री वडिलांची आठवण झाली. निजामी राजवटीत ते तहसील कचेरीत अहलकार होते. शिक्षण उर्दूत, दफ्तर उर्दूत, सहीही उर्दूत. घरी आले की हातपाय धुऊन संध्येस बसत. एकदा वरिष्ठांनी चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला. काय बोलले, असे मातोश्रींनी विचारता ते म्हणाले, “ते उर्दूत होते. घरात आणले तर त्याचे मराठी होईल.” हे मातोश्री आम्हांस पुष्कळदा हसत सांगत. १९४८ साली ती राजवट संपली. वडिलांचे सुंदर उर्दू अक्षर मात्र अखेरपर्यंत टिकले. पोटासाठी परकी भाषा बोलल्याने ते कधी परके झाले नाहीत.

तरीही एक सल उरलाच आहे. वडिलांनी भाषा उसनी घेतली, नाव नव्हे. हिंदी नाव ऐकून ग्राहक बिथरेल असे मालकास वाटत असेल, तर दोष त्या ग्राहकाच्या कानांचा. त्याचा भार आमच्या मुलीने का वाहावा? हे आम्ही तिलाही सांगितले. ती म्हणाली, “काका, हे मलाही पटते. पुढच्या नोकरीत आधी विचारीन.”

म्हणून वाचकांस एवढेच सुचवितो. मुलाने दोन भाषा जाणल्या की परदेशी असे काम मिळते, व ते हलके मुळीच नाही. संतापलेल्या माणसाचे शांतपणे ऐकून घेणे ही विद्याच आहे. मात्र करारावर सही करण्यापूर्वी वेतन कोणत्या चलनात, कामाचा परवाना कोण काढणार, रजा किती, परतीचे भाडे कोणाचे, हे विचारताना ‘माझे नाव काय राहील’ हेही विचारावयास सांगावे. आणि मुलाने उत्तर आपल्या मनाविरुद्ध आणले, तरी घरच्यांनी बोलणे टाकू नये. परक्या नावाने दिवसभर बोलणाऱ्यास संध्याकाळी खऱ्या नावाने हाक मारणारे कोणी तरी हवे. ते पाच महिने आम्ही तिला ती हाक मारली नाही, ह्याची खंत आम्हांस आहे.

हल्ली ती रोज सायंकाळी दूरध्वनी करते. आम्ही प्रथम तिचे नाव घेतो, मग खुशाली विचारतो.