मांजर डॉक्टरकडे केव्हा न्यावे?

मांजर आपले दुखणे लपवते, त्यामुळे न्यावे की थांबावे हे ठरविणे कठीण जाते. आमच्या बोक्याला एकदा उलटी झाली. पण तो पाणी पीत होता, हाकेला कान हलवत होता. आम्ही एक दिवस वाट पाहिली व तो बरा झाला.

पुढे एका शुक्रवारी सायंकाळी तो वाळूच्या पेटीत वारंवार बसू लागला, पण लघवीचा थेंब नाही. सौ. म्हणाली, "अहो, शब्बाथ निघू द्या, मग पाहू." परंतु लघवी तुंबलेला बोका एकदोन दिवसांतच दगावतो. त्याच रात्री तातडीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नळी घालून लघवी मोकळी केली. तिसऱ्या दिवशी तो घरी आला.

वाचकहो, लघवी तुंबली, तोंड उघडून श्वास चालला किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर ताबडतोब निघावे. २४ तास काहीच खाल्ले नाही, तर डॉक्टरांना विचारावे. उपासाने मांजराचे यकृत बिघडते. आणि आपली अकामोलची गोळी कधीही देऊ नये. त्यातील पॅरासिटामॉल मांजराला विषच आहे.