दगडाचे तीन रंग : बीदर ते शहाबाद

सोमवार, बीदर

उदगीर सोडून कमालनगर आलं, तरी राज्य बदलल्याचं फक्त पाट्यांवरून कळतं. शिवार तेच, काळंभोर. मार्गशीर्ष लागलाय, तुरीला शेंगा धरल्यात, ज्वारी गुडघ्याएवढी झालीय. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सगळा एकच बीदर जिल्हा होता. त्या दिवशी उदगीर-निलंगा मुंबई राज्यात गेले, भालकी-औराद-हुमनाबाद म्हैसूर राज्यात. बांधावर बसलेल्या एका मावशींना भाषेचं विचारलं, तर म्हणाल्या, "घरात मराठी बोलताव, बाजारात कन्नड. उर्दू तर सगळ्यालाच येती."

मांजरा ओलांडून गाडी चढाला लागली आणि माती लाल झाली. बीदर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलंय. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून (आताच्या कलबुर्गीहून) राजधानी इथे आणली, ती या पठारामुळे फळली. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या काळ्या पाषाणावर अडतं. नौबादजवळ जमिनीखाली बोगदे खोदून तेच पाणी शहराकडे वळवलेलं आहे. त्याला 'करेझ' म्हणतात. कल्पना इराणची, पण कामाला आला तो इथलाच दगड. किल्ल्याचा तिहेरी खंदकही याच जांभ्यात कोरलाय. त्याच्या काठाशी उभं राहिलं की खडकाच्या उभ्या भिंती पाहून छाती दडपते.

गावात महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२ सालचा. औरंगजेबाच्या काळात इथे साठवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि एक मनोरा आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मनोऱ्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशा अजून उन्हात झळाळतात.

संध्याकाळी बिदरी कारागिरांच्या गल्लीत गेलो. जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर नक्षी कोरून तिच्या खाचांत चांदीची तार ठोकतात. मग किल्ल्यातल्या जुन्या बांधकामाची माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून भांडं त्यात बुडवतात. धातू काळा होतो, चांदी तशीच लखलखीत राहते. माती चांगली की नाही, हे कारागीर जिभेवर चाखून ठरवतो. किल्ल्याची माती अशी आजही पोट भरते आहे.

मंगळवार, अष्टूर

शहराच्या पूर्वेला, शेतांच्या कडेने बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. हुमायूनच्या कबरीचा घुमट विजेने फोडला. निम्मा उभा आहे, त्यामुळे भिंतींची प्रचंड जाडी उघडी पडलीय. अहमदशहाच्या कबरीत आत सोनेरी आणि शेंदरी रंगांची वेलबुट्टी आणि सुलेखन आहे. डोळे अंधाराला सरावले की हळूहळू दिसू लागतं.

इथली खरी संपत्ती मात्र उरुसाची प्रथा आहे. हा सुलतान मुसलमानांचा 'वली', तर लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचं रूप मानतात. उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो आणि त्याचा मान कलबुर्गी जिल्ह्यातल्या एका जंगमाकडे आहे. एकाच चौथऱ्यावर नारळही फुटतो आणि फातेहाही पढला जातो. यासाठी कुणी परिषद भरवली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या लोक येत राहिले, एवढंच.

बुधवार, हुमनाबाद

पठार उतरलं की पुन्हा काळा मुलूख लागतो. जलसंगवीच्या देवळात काळ्या पाषाणाच्या मदनिका बाह्य भिंतींवर उभ्या आहेत. त्यातली एक पाठमोरी होऊन शिळेवर लिहिते आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सहावा विक्रमादित्य याची स्तुती. कमरेचा बाक, मागे वळलेली वेणी आणि लेखणीखालची खरी, वाचता येणारी अक्षरं! याच विक्रमादित्याच्या आश्रयाला राहून विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. दुपारभर मी त्या एका मूर्तीपुढून हललो नाही.

हुमनाबादलगत माणिकनगर. माणिक प्रभूंनी (१८१७–१८६५) इथे 'सकलमत' संप्रदाय उभा केला. त्यांची पदं मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदुस्थानीतही आहेत. दत्तजयंती जवळ आल्याने मांडव पडत होते. लातूर-सोलापूरकडच्या गाड्या आताच दिसू लागल्या आहेत.

गुरुवार, कलबुर्गी ते शहाबाद

कलबुर्गीच्या किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची. मशिदीला असतं तसं उघडं अंगण इथे नाही. सगळा विस्तार छताखाली घेतलाय. कमानींमागे कमानी, त्यांवर लहान घुमटांच्या रांगा, आणि आत थंड सावली. बाहेर ऊन रणरणत असताना या बांधणीचं शहाणपण कळतं.

दुपारी शहाबादला पोचलो. इथे दगडाचा तिसरा रंग, राखी. हा चुनखडक प्राचीन समुद्राच्या तळाशी थरांवर थर बसून तयार झाला. पाथरवट सांध्यात पहार घालतो आणि अख्खी सपाट फरशी सुटते. मराठी घरांतल्या माजघरात, ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात, रेल्वेच्या फलाटावर आपण जिच्यावर चाललो, ती शहाबादी फरशी इथल्या माणसांनी उन्हात पाठ वाकवून काढलेली आहे. संपलेल्या खाणींत पाणी साचलंय. नव्या खाणीतून घणांचे आवाज येत होते.

मराठी भाविक गाणगापूरला किंवा माणिकनगरला येतात आणि दर्शन घेऊन माघारी फिरतात. श्रद्धेने येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: एक मुक्काम वाढवा. अष्टूरला जा, जलसंगवीला थांबा, शहाबादच्या खाणीच्या काठावर उभे राहा. सीमाभाग म्हटलं की आपल्याला वाद आठवतो. पण इथे सहाशे वर्षं माणसांनी एकमेकांचे देव, भाषा आणि दगड वापरून ज्या वास्तू आणि प्रथा घडवल्या, त्यांवर कुणा एकाचा हक्क सांगता येत नाही. त्या टिकवण्याची जबाबदारी मात्र आपल्या सगळ्यांची आहे, आणि तिची सुरुवात त्या पाहायला जाण्यापासून होते.

*पुढील भागात : गाणगापूरचा भीमा-अमरजा संगम, मळखेड आणि सन्नती*