पाण्यात थिजलेला अग्नी

भोपाळहून सीहोरच्या वाटेने पश्चिमेस निघाले की विंध्याचा तांबूस वालुकाश्म मागे पडतो आणि काळी माती, काळा पाषाण दिसू लागतो. माळव्याचा हा बेसॉल्ट सह्याद्रीच्या कातळाचा सहोदरच होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या दख्खनच्या लाव्हाचा हा उत्तरेकडील विस्तार.

हा काळा पाषाण समुद्रातून वर आला, असा समज आपल्या मंडळींत आम्हांस अनेकदा आढळला. वस्तुस्थिती वेगळी आहे. दख्खनचा बहुतेक लाव्हा कोरड्या भूमीवर पसरला. उलट, पाण्याची साक्ष देतो तो आपला वालुकाश्म. विंध्याच्या शिळांवर उथळ पाण्यातील लहरींचे वळ आजही उमटलेले दिसतात.

मग लाव्हा पाण्यात शिरला तर काय घडते? हे पाहावयास आम्ही मुंबईस शिवडीला गेलो. इंग्रजांनी १६८० साली बांधलेल्या किल्ल्याच्या परिसरातील खडकांत उशांसारखे गोलसर आकार एकावर एक रचलेले आढळतात. सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापलेल्या रसाला पाणी लागताच बाहेरची साल तत्काळ थिजून काचेसारखी होते. आतला रस ती साल फोडून बाहेर येतो व दुसरी उशी फुगते. प्रत्येक उशीचा माथा फुगीर असतो, तर तळ खालच्या उशांमधील फटीत रुतलेला. म्हणून खडक पुढे कलंडला तरी मूळची वरची बाजू ओळखता येते. काही साल तडकून तिचा चुरा होतो. पुढे पाणी मुरून ही काच पिवळसर-तपकिरी पॅलॅगोनाइट बनते आणि पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक भरतात.

परंतु पाणी म्हणजे खोल समुद्रच, असे मात्र समजू नये. मुंबईच्या लाव्हाथरांमधील गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले असून १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. बेडूक खाऱ्या समुद्रात नांदत नाही. तेथे गोड्या पाण्याची तळी होती, हे त्यावरून उघड होते.

वाचकहो, कोरडी भूमी, तळे की सागर, हे सांगणारा साक्षीदार एकच: जागच्या जागी उभा असलेला खडक. वाढत्या शहरांत तो सुरुंगाने फोडला जातो, इमारतींखाली दडतो. आणि एकदा फुटलेली उशी पुन्हा रचता येत नाही. लग्नकार्यानिमित्त मुंबईस जाल, तेव्हा मुलांना घेऊन शिवडीस अवश्य जावे, खडक डोळे भरून पाहावा. तुकडा मात्र आणू नये.