७७७ म्हणजे काय रे भाऊ?

नेटवर्कवाल्याला घरी कोणी फारसं विचारत नाही की बाबा, तू नक्की करतोस काय. विचारलंच तर "इंटरनेट चालू ठेवतो" एवढ्यावर भागतं. आज मात्र जरा आत शिरूया. विषय आहे बीजीपी कम्युनिटी, म्हणजे रूटला चिकटवलेला टॅग. घाबरू नका, गणित नाहीये.

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्क्स. प्रत्येकाला एक नंबर असतो, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगत असतो, "ह्या पत्त्यांकडे जायचंय? माझ्याकडून जा." हे सांगणं म्हणजे रूट, आणि ते ज्या भाषेत चालतं ती बीजीपी. आता ऐकलेला रूट पुढे कोणाकोणाला सांगायचा, हा खरा प्रश्न. कस्टमरचा रूट सगळ्या जगाला सांगायचा, कारण त्याचेच तो पैसे देतो. पण एका ट्रान्झिटकडून आलेले रूट दुसऱ्या ट्रान्झिटला सांगितले, तर त्या दोघांची वाहतूक आपल्या अंगणातून सुरू! आपली लिंक तेवढी मोठी नसते. मग काय होतं ते सांगायला नको.

तर ह्यावर उपाय म्हणून ऑगस्ट १९९६ मध्ये आरएफसी १९९७ आला. रूटबरोबर ३२ बिटांचा एक आकडा पाठवायचा. तो लिहितात दोन भागांत, उदाहरणार्थ ६४५००:१००. पहिला भाग सहसा नेटवर्कचा नंबर, दुसरा आपल्या मनाचा. आत येताना दारातच टॅग लावायचा: कस्टमरला १००, पीअरला २००, ट्रान्झिटला ३००. बाहेर जाताना पॉलिसी एकच, १०० असेल तरच जाऊ दे. बाहेरच्या दारावरच्या राऊटरला कस्टमरची नावं पाठ असायची गरज नाही.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसंच हे. डबा शेजारी गेला, तिथून आत्याकडे गेला, तरी कोणाचा ते कळतं. फरक एवढाच की भांड्यावरचं नाव कोणीही वाचतं. इथे नुसता आकडा. त्याचा अर्थ आकड्यात नसतो, माणसांनी आपसात ठरवलेला असतो.

काही टॅग सगळीकडे सारखे असतात. नो-एक्स्पोर्ट म्हणजे "तुझ्या नेटवर्कच्या बाहेर सांगू नकोस". ६५५३५:६६६ म्हणजे ब्लॅकहोल, "ह्या पत्त्यावर येणारा ट्रॅफिक टाकून दे", हल्ला झाला की कामी येणारा, २०१६ पासून सगळ्यांसाठी एक ठरलेला. पण हीसुद्धा शेवटी विनंतीच. मानणं समोरच्याच्या हातात.

शिवाय टॅग वाटेत गळतात. सिस्कोच्या आयओएसवर शेजाऱ्यासाठी सेंड-कम्युनिटी लिहिलं नाही, तर टॅग पुढे जातच नाहीत. सेट कम्युनिटी लिहिताना ॲडिटिव्ह राहिलं, तर आधीचे सगळे टॅग पुसून नवा एकटाच उरतो. आणि हे 'सेट' सगळ्या कंपन्यांच्या राऊटरवर सारखं वागत नाही. कोणाकडे ते सगळंच पुसतं, कोणाकडे नो-एक्स्पोर्टसारखे ठरावीक टॅग ठेवतं. हा घोळ नोंदवायला २०१९ मध्ये आरएफसी ८६४२ लिहावा लागला.

रूट नको तिथे गेला की काय होतं, ते २४ फेब्रुवारी २००८ ला जगाने पाहिलं. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा सरकारी हुकूम होता. पाकिस्तान टेलिकॉमने त्यासाठी यूट्यूबच्या २५६ पत्त्यांचा एक रूट तयार केला. तो देशातच राहायला हवा होता. तो गेला त्यांच्या वरच्या पीसीसीडब्ल्यूकडे, आणि तिथून जगभर. यूट्यूबचा स्वतःचा रूट १,०२४ पत्त्यांचा, आणि राऊटर नेहमी जास्त नेमका, म्हणजे लहान रूट धरतो. दोनेक तास यूट्यूब बऱ्याच जगासाठी गायब! आतल्या रूटवर 'घरातला' असा टॅग लावायचा आणि तो टॅग दारावर अडवायचा, ही शिस्त असते ती ह्याच्यासाठीच.

पण मला जास्त छळतो तो वेगळाच प्रश्न. मागच्या वर्षी आम्ही जुनं कॉन्फिग साफ करत होतो. टॅगच्या यादीत १००, २००, ३०० होते. कॉन्फिगमध्ये एका रूटवर ७७७ पण होता. यादीत नाही, कमेंट नाही. पॉलिसी एवढंच म्हणत होती की ७७७ दिसला तर रूट दोनपैकी एकाच ट्रान्झिटला सांग. टीममध्ये दोन तट पडले. एक म्हणे उडवा, ओरड झाली तर परत टाकू. शेवटी नोकरी सोडून गेलेल्या सीनियरला फोन लावला.

"अरे ते हॉस्पिटलचं आहे," तो म्हणाला. "रात्री त्यांचे स्कॅन बाहेरगावचे डॉक्टर बघतात. दुसऱ्या ट्रान्झिटवरून आलं की कनेक्शन मध्येच तुटायचं. काढायचं तर आधी टेस्ट करा, आणि रात्री करू नका."

म्हणजे "ओरड झाली तर" ही ओरड कोणाची असती? रात्री दोन वाजता स्कॅनची वाट बघत बसलेल्या माणसाची. आणि त्याला बिचाऱ्याला कम्युनिटी टॅग नावाचं काही असतं हेच माहीत नसणार.

टॅग आम्ही ठेवला. यादीत तीन ओळी वाढवल्या: कशासाठी आहे, कोणाला विचारायचं, पुन्हा कधी तपासायचं. एवढंच काम. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

राऊटरला अर्थाशी देणंघेणं नसतं. आकडा जुळला की तो आज्ञा पाळतो, लिहिणारा नोकरी सोडून गेला तरी पाळत राहतो. अर्थ सांभाळायचं काम माणसांचं, आणि आपल्या धंद्यात माणसं दोन-तीन वर्षांत बदलतात. तेव्हा तुमच्याकडेही एखादा ७७७ असेलच. सोमवारी शोधा, आणि ज्याला माहीत आहे तो फोन उचलतोय तोवर विचारून घ्या.