विसर्गाच्या जागी अपूर्णविराम

विसर्ग आणि अपूर्णविराम या दोन चिन्हांत डोळ्याला जाणवणारा भेद इतका सूक्ष्म आहे, की ‘दुःख’ या शब्दातला विसर्ग काढून तिथे कोणी अपूर्णविराम बसवला तर सामान्य वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि ज्या एखाद्याला लागतो तो बहुधा माझ्याच धंद्यातला, म्हणजे आयुष्य मुद्रिते तपासण्यात घालवलेला, असतो. तथापि संगणकाच्या लेखी ही दोन चिन्हे परस्परांची ओळखदेखील सांगत नाहीत. विसर्ग हे देवनागरी लिपीचे अंग, त्याचा युनिकोडमधला क्रमांक ०९०३. अपूर्णविराम हे परक्या मुलखातून आलेले विरामचिन्ह, त्याचा क्रमांक ००३ए. एखाद्या जाडजूड ग्रंथाची शब्दसूची करावयास बसावे, आणि ‘अंतःकरण’ हा शब्द दोन निरनिराळ्या नोंदींत, निरनिराळ्या पृष्ठांकांसह, दोन सख्ख्या पण अबोला धरलेल्या भावांप्रमाणे उतरलेला दिसावा, म्हणजे या भेदाचे खरे स्वरूप कळते. शोध घेतला तर निम्मी स्थळे सापडतात व निम्मी दडून राहतात. आणि जी सापडली नाहीत ती आहेत की नाहीत हेही सांगता येत नाही.

आमच्या कार्यालयात अक्षरजुळणीचे काम करणारी एक हुशार मुलगी आहे. तिला मी हे प्रथम दाखवले तेव्हा ती पडद्याकडे निरखून पाहत म्हणाली, “पण काका, दिसतंय तर बरोबर!” तिचे म्हणणे मला मुळीच गैर वाटले नाही. आमच्या धंद्याची शेदीडशे वर्षे ‘बरोबर दिसणे’ आणि ‘बरोबर असणे’ या दोन गोष्टी एकच होत्या, आणि त्या एक असल्यामुळेच कारागिराचा डोळा हेच त्याचे प्रमाणपत्र होते.

मी हे काम शिकलो ते खिळ्यांच्या छापखान्यात. देवनागरीची केस म्हणजे लहानमोठ्या खणांचे एक विस्तीर्ण संस्थानच असे. पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, रफार, वेलांट्या या सर्वांना आपापला खण आणि आपापला शिरस्ता होता, आणि जुना कंपोझिटर मजकुरावरची नजर न काढता केवळ हाताच्या सवयीने नेमका खिळा उचलीत असे. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांचे जे नाव झाले, ते कागदावर उमटलेल्या वळणाच्या सौष्ठवामुळे झाले. त्या शाईच्या मागे दुसरे काही नव्हतेच. अशा त्या व्यवस्थेत विसर्गाचे खिळे संपले की कंपोझिटर शेजारच्या खणातून अपूर्णविराम घेई आणि पुढे चालू लागे, आणि फॉर्म यंत्रावर चढून छापून निघाला की तो बदल कायमचा जिरून जाई, कारण दोन ठिपके कोठून आले याची चौकशी कागद करीत नाही. टंकलेखनयंत्राने तर ही काटकसर राजरोस शिकवली: कित्येक जुन्या इंग्रजी यंत्रांवर एक या अंकाला कळच नसे, आणि तिथे धाकटा ‘एल’ बिनतक्रार मारला जाई. ती लबाडी नव्हती. साधनच तसे होते.

आता साधन बदलले आहे, पण हाताची सवय मात्र वारसाहक्काने पुढे आली आहे, आणि ती टिकून राहण्यास कळफलकाची रचनाही कारणीभूत आहे. १९९१ च्या भारतीय मानकात आलेली इनस्क्रिप्ट ही मांडणी मोठ्या विचाराने केलेली आहे; डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजने, अल्पप्राणाच्या कळीवरच शिफ्ट दाबून महाप्राण, अशी ती व्यवस्था एकदा बोटांत उतरली की तिच्याइतकी शास्त्रशुद्ध व वेगवान दुसरी मांडणी मला ठाऊक नाही. परंतु देवनागरीच्या एवढ्या मोठ्या परिवाराला जागा देताना मूळच्या रहिवाशांना उठावे लागले. इंग्रजीत जिथे अर्धविराम व अपूर्णविराम असतात तिथे च आणि छ येऊन बसले, अवतरणचिन्हांच्या कळीवर ट आणि ठ आले, प्रश्नचिन्हाच्या कळीवर य आला. विसर्गाला मात्र संयोगचिन्हाच्या कळीवर, शिफ्टखाली, हक्काची जागा मिळाली. परिणाम असा, की जो इनस्क्रिप्टवर लिहितो त्याच्या हाताशी विसर्ग असतो व अपूर्णविराम नसतो, आणि तो घड्याळातली साडेदहाची वेळ ‘१०ः३०’ अशी विसर्ग घालून लिहितो. उलट जो इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवतो त्याच्या हाताशी अपूर्णविराम असतो व विसर्ग कोठेतरी आड असतो, म्हणून तो ‘दु:ख’ लिहितो. दोघेही निर्दोष बुद्धीने उलट्या दिशांची चूक करतात. एकाच ग्रंथाची प्रकरणे दोघांकडून जुळवून घेतली, की पुढची रुजुवात करणाऱ्याच्या वाट्याला काय येते ते सांगावयास नको.

युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीचा जो काळ होता, तो याहून चमत्कारिक होता. त्या काळच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार चढवलेले असत. वरून ‘क’ दिसे, आत भलतेच काही असे. जे आकार कळफलकावर मावत नसत ते ऑल्ट ही कळ दाबून धरून उजवीकडच्या अंकफलकावर चार आकडे मारून काढावे लागत, आणि प्रत्येक ऑपरेटरच्या टेबलावर त्या आकड्यांची फेरिस्त चिकटवलेली असे. फॉन्ट बदलला की फेरिस्त बदले. दुसऱ्याच्या यंत्रावर तो फॉन्ट नसला, की संबंध मजकूर इंग्रजी अक्षरांच्या आणि अनोळखी चिन्हांच्या ढिगाऱ्यासारखा उघडे. आज जुन्या लेखकांची बाडे पुनर्मुद्रणासाठी येतात ती याच अवस्थेत, आणि रूपांतराचे चक्र फिरवूनही त्यांतल्या दुर्मिळ जोडाक्षरांचा नीट उलगडा होत नाही. ती एकेक करून हातानेच दुरुस्त करावी लागतात.

रुपयाच्या चिन्हाने हाच धडा थोड्या अवधीत पुन्हा दिला. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडने त्याला २०बी९ हा क्रमांक दिला. परंतु मधल्या काळातल्या हौसेने एक आडवाट शोधून काढली होती. एकच्या डावीकडे जी कळ असते, तिच्यावरच्या तिरक्या टिंबाच्या जागी रुपयाचा आकार चढवलेला फॉन्ट हातोहात पसरला, व्यापाऱ्यांची बिले आणि निमंत्रणपत्रिका त्यात सजू लागल्या. आणि तोच मजकूर दुसरीकडे उघडला म्हणजे रकमेच्या आधी एक केविलवाणे तिरके टिंब तेवढे उरे. आता ही अडचण नाही. विंडोजमध्ये भारतीय इंग्रजीचा कळफलक निवडला तर उजवीकडच्या ऑल्टसह चारची कळ दाबताच ₹ येते. वर्डमध्ये २०बी९ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबले तरी येते. ललित मजकुरात मात्र ‘रु.’ हेच मला अजून सुटसुटीत वाटते, आणि लेखकाचा आग्रह नसेल तर मी तेच ठेवतो.

परंतु या सर्वांहून नाजूक प्रकरण आहे ते मराठीच्या अर्ध्या र चे, जो ‘दऱ्या’ या शब्दात य च्या आधी एखाद्या पापणीसारखा वळून बसतो. युनिकोडच्या कागदपत्रांतही त्याला पापणीचेच नाव दिलेले आहे. हिंदीला त्याची गरज नाही. आपल्याला मात्र त्याच्यावाचून ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्य’ आणि ‘आचारी’ यांच्या बहुवचनी रूपांतला फरक लिहिताच येत नाही. तो उमटवण्याच्या दोन रीती आहेत. इनस्क्रिप्टवर र च्याच कळीवर शिफ्ट दाबले की खाली टिंब असलेला ऱ येतो. त्यानंतर हलन्त आणि मग य मारला म्हणजे ते टिंब नाहीसे होऊन पापणी उमटते. दुसरी रीत अशी, की साधा र, त्यापुढे हलन्त, त्यापुढे २००डी क्रमांकाचे जोडचिन्ह, आणि मग य. या जोडचिन्हाला आकार नाही, रुंदी नाही. ते पडद्यावर दिसत नाही आणि कागदावर उमटत नाही. शेजाऱ्याने कसे वागावे एवढा हुकूम देऊन ते अदृश्य होते.

दोन्ही रीतींनी निघालेली अक्षरे एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, आणि दोन्ही युनिकोडला मान्य आहेत. तरीसुद्धा पहिलीच रीत वापरावी असा माझा आग्रह असतो, आणि त्याचे कारण अनुभवाचे आहे. मजकूर एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना काही ठिकाणी ‘अनावश्यक’ अदृश्य चिन्हे झाडून टाकण्याची तजवीज केलेली असते, आणि त्या झाडलोटीत हे जोडचिन्हही जाते. ते गेले की र आपल्या मूळ स्वभावावर येतो, य च्या डोक्यावर रफार होऊन चढतो, आणि प्रवासवर्णनातल्या सह्याद्रीच्या दऱ्यांच्या जागी एकाएकी दर्या उचंबळू लागतो. गावजेवणाच्या हकिकतीत पंगतीनंतर आचाऱ्यांचा सत्कार व्हावयाचा तो आचार्यांचा होतो. यातली खरी मेख अशी, की मुद्रित तपासताना सर्व काही यथास्थित होते. नुकसान झाले ते तपासणीनंतर, वाटेत, आणि तेही शुद्धलेखनाच्या तपासणीला सापडणार नाही अशा बेताने, कारण ‘दर्या’ हाही शब्द अस्सल मराठीच आहे.

ॲ ची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. २००८ साली त्याला युनिकोडमध्ये ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला, तेव्हा अ लिहून त्यावर निराळा अर्धचंद्र ठेवण्याचे आता प्रयोजन उरलेले नाही. तरी तो ठेवला जातो. तापमानाच्या अंशासाठी शून्य किंवा इंग्रजी ‘ओ’ लहान करून वर चढवणारे आणि गुणाकाराच्या जागी ‘एक्स’ घालणारे लोक याच पंथाचे. ऑल्टसह ०१७६ मारले तर ° येते. मात्र बऱ्याच लॅपटॉपांना तो वेगळा अंकफलकच नसतो, आणि वरच्या ओळीतले आकडे त्या कामी चालत नाहीत, हे सांगावयास लोक विसरतात.

फोनवर ही विद्या सोपी झाली आहे असे मी आनंदाने म्हणेन. तिथे कळ दाबून धरावयाची, म्हणजे तिच्या मागे दडलेली भावंडे वर येतात: आयफोनच्या अंकांत शून्य दाबून धरले की अंशचिन्ह, संयोगचिन्ह दाबून धरले की अपसारणचिन्हे, आणि मराठीच्या बऱ्याच कळपट्ट्यांत र दाबून धरला की ऱ. आकडे पाठ करावे लागत नाहीत. तरुण माणसे हे कोणी न शिकवता शिकतात, आणि आमची ती मुलगी आता अवघड चिन्ह आधी फोनवर काढून तेच संगणकाकडे पाठवते. प्रथम मला ते द्राविडी प्राणायामासारखे वाटले, पण चिन्ह खरे येत असेल तर वाटेशी भांडण्याचे मला कारण नाही.

इतका खरेपणाचा आग्रह धरूनही एका कामात मला तडजोड करावी लागली, ते सांगून टाकतो. एका अभ्यासकांनी पेशवाईतल्या जमाखर्चाच्या मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर आमच्याकडे छपाईसाठी आणले. त्या हिशेबांत अपूर्णांक उभ्या रेघांनी दाखवलेले असतात: आकड्यापुढे एक रेघ म्हणजे सव्वा, दोन म्हणजे अर्धा मिळवलेला, तीन म्हणजे पाऊण, आणि त्याखालचे आणे आणखी निराळ्या रेघांनी. छापखान्यांत यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या पूर्णविरामाचे दंडच वापरीत आले. वस्तुतः २००९ साली युनिकोडमध्ये पाव, निम, पाऊण, एक आणा, दोन आणे आणि तीन आणे यांची स्वतंत्र चिन्हे ए८३० पासून पुढे नोंदवली गेली आहेत, आणि २०१४ मध्ये तर मोडी लिपीलाही तिचा गट मिळाला. न्यायाने ती चिन्हेच घालावयास हवी होती. पण ज्या फॉन्टात ग्रंथ जुळवावयाचा होता त्यात ती नव्हती, आणि नसलेल्या चिन्हाच्या जागी जो रिकामा चौकोन उमटतो त्याने सव्वा रुपया, दीड रुपया व पावणेदोन रुपये या तिन्ही रकमा सारख्याच दिसू लागल्या असत्या. तिथे डोळ्याचा पक्ष घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. अखेर मूळ फाइलीत खरी चिन्हे कायम ठेवून, छपाईच्या प्रतीत तेवढे दंड घालावेत असा तोडगा निघाला. अभ्यासकांनी तो तत्काळ मान्य केला, प्रकाशकांनी ‘एकच मजकूर दोनदा कशाला जुळवता?’ म्हणून विचारणा केली, आणि बिल मात्र पानामागे नेहमीच्याच दराने मंजूर झाले.