पलूसची काळी द्राक्षं

आम्ही कुडचीची माणसं. मिरजेला गाडी बदलून किर्लोस्करवाडीला उतरलं, की जवळच पलूस. माझी थोरली बहीण तिथं दिली आहे. कृष्णा आमच्याकडेही तीच आणि तिच्याकडेही तीच, त्यामुळे अक्का परमुलखात गेली असं अव्वाला कधी वाटलंच नाही. फरक एवढाच, की आमच्याकडे बोलणं उसाचं आणि तिथं द्राक्षांचं.

पलूस तालुक्याचं ठिकाण खरं, पण जीव खेड्याचा. ऑक्टोबरात फळछाटणी सुरू झाली की पाहुण्याला "कसे आहात?" विचारायच्या आधी "तुमच्याकडं पाऊस आहे का?" असं विचारतात. फुलोऱ्यात आभाळ भरून आलं तर चहाच्या टपरीवरसुद्धा कुणी मोठ्यानं बोलत नाही. रात्री दोनला उठून दावण्याचं औषध मारायला निघालेले ट्रॅक्टर मी स्वतः पाहिले आहेत. लग्नाच्या तारखाही तिथं आधी बागेला विचारून मग भटजींना विचारतात.

पण या पिकात एक सोय होती. व्यापाऱ्यानं भाव पाडला, किंवा माल नेऊन तोंड लपवलं (दाजींना एका वर्षी असा भेटला होता), तर पुढच्या खेपेला माल शेडमध्ये रॅकवर टाकायचा. पंधरा दिवसांत बेदाणा. चार किलो द्राक्षांचा किलोभर होतो, पण तो टिकतो. तासगावच्या सौद्यात आज नाही तर महिन्यानं विकता येतो. एक दार बंद झालं तरी मागचं उघडं असायचं.

२००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. नाशिककडे विंचूरला आणि इकडे पलूसला वाइन पार्क ठरला. दाजींनी २००६ मध्ये एक एकर वाइनची काळी द्राक्षं लावली. मणी फुगवायला डिपिंग नको, फवारण्या कमी, कारखान्याशी भावाचा करार आधीच झालेला. हिशेब चुकीचा नव्हता. अक्काच्या सासूबाई मात्र माळकरी. त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्या एकरात पाय ठेवायचा बंद केला.

अव्वानं बाग पाहिली तेव्हा एक घड तोडून तोंडात टाकला. मणी बारीक, साल जाड, आत बिया. थुंकून म्हणाली, "तिन्नाक बरंगिल्ल अंद्र याक हच्चतार?" खायलाच येत नाही तर लावायचं कशाला! आम्ही सगळे हसलो. दाजीही हसले.

२००८ च्या हंगामात कारखान्याची गाडी आली. माणूस दुर्बिणीसारखं यंत्र डोळ्याला लावून रसाची गोडी बघायचा. पैसे वेळेवर मिळाले आणि एक बाटली भेट मिळाली. चेक मावशींनी विठोबापुढे ठेवला. बाटली कुठं ठेवायची, हा प्रश्न अक्कानं पोटमाळ्यावर सोडवला.

पुढच्या वर्षी गाडी आली नाही. मंदी होती, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झालेला. हॉटेलं रिकामी आणि टाक्या भरलेल्या, असं सांगत होते. करार कागदावर राहिला. दाजींनी व्यापाऱ्यांना फोन केले, पण तो मणी बाजारात कोण घेणार? बियांचा बेदाणा कोण खाणार? तेव्हा मला अव्वाचं बोलणं आठवलं आणि आपण हसलो होतो याची लाज वाटली. या द्राक्षाला मागचं दारच नव्हतं.

घड वेलीवरच सुरकुतू लागले, मधमाश्या घोंगावायला लागल्या. दाजी तिकडे फिरकेनात. एके सकाळी मावशी पदर खोचून, कात्री घेऊन त्या एकरात शिरल्या. अक्का मागोमाग गेली. मी सुट्टीला आलेली, मीही गेले. दोन दिवस आम्ही तिघींनी घड उतरवले. "वेलीचा काय दोष? वज्यानं मरंल ती," एवढंच त्या बोलल्या. गल्लीतली पोरं खाऊन बिया उडवत होती. बाकीचं उकिरड्यात गेलं.

दाजींनी वेली उपटल्या नाहीत. खोडं कापून त्यांवर थॉमसनची कलमं बांधली. मुळं तीच राहिली. सोसायटीचं कर्ज फिटायला मात्र सहा वर्षं लागली, आणि त्यात अक्काच्या पाटल्या गेल्या. ते ती अव्वाला शेवटपर्यंत बोलली नाही. मलाही फार उशिरा कळलं.

२०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय घेतला. त्यावर केवढा वाद झाला! मी दाजींना फोन करून त्यांचं मत विचारलं. म्हणाले, "मत कसलं? इथं भुरी आलीय, नंतर बोलू."

मावशी आता नाहीत. गेल्या दिवाळीआधी गेले होते, तेव्हा अक्का पोटमाळा झाडत होती. फवारणीच्या जुन्या पंपामागून ती बाटली निघाली, बूच तसंच. "टाकून दे की," मी म्हटलं. तिनं पदरानं धूळ पुसली आणि बाटली होती तिथं ठेवली.

"राहू दे," म्हणाली. "आपल्या रानातली हाय."