गावाचा दवाखाना, गावाची देखरेख

आरोग्यसेवेवरील लोकाधारित देखरेख म्हणजे सरकारी दवाखाना ज्यांच्यासाठी आहे त्यांनीच तो तपासायचा, त्याला गुण द्यायचे आणि उणिवांचा जाब विचारायचा. 2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने या कामाला अधिकृत स्थान दिले. महाराष्ट्रात 2007 पासून ते अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत उभे राहिले. राज्य पातळीवरचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता.

कामाचे मुख्य साधन म्हणजे गावाचे आरोग्य प्रगतिपत्रक. सिस्टर ठरल्या दिवशी गावात येते का, लसीकरण वेळेवर होते का, औषधे केंद्रातच मिळतात की बाहेरची चिठ्ठी हातात पडते, बाळंतपणासाठी कुणी पैसे मागितले का, असे प्रश्न गावकऱ्यांच्या बैठकीत विचारले जात. उत्तरांप्रमाणे प्रत्येक सेवेपुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरला जाई. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपल्या उपकेंद्राचा लाल रंग दिसे.

पण रंग भरून दवाखाना सुधारत नाही. खरे बळ जनसुनवाईत होते. मंडपात एका बाजूला गावकरी, समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. रुग्ण किंवा नातेवाईक उभा राहून आपली हकीकत सांगे, चिठ्ठी-पावती पुढे ठेवी आणि अधिकाऱ्याला तिथेच उत्तर द्यावे लागे. कपाटात पडून राहणाऱ्या तक्रारअर्जात ही ताकद नाही. देखरेखीच्या पहिल्या फेरीत निम्म्याहून कमी सेवा ‘चांगल्या’ ठरल्या होत्या. तिसऱ्या फेरीपर्यंत हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास गेले. आरोग्य कर्मचाऱ्यांचाही यात फायदा होता. रिक्त पदे आणि औषधटंचाई ही त्यांचीही गाऱ्हाणी होती. ती लोकांच्या तोंडून वरपर्यंत पोचली.

देखरेखीच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत हिंगोली नव्हता. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पाच तालुके आहेत. इथे लोकसहभागाची चौकट म्हणजे गावातली ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, आणि रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती. गावसमितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंतचा अबंधित निधी मिळू शकतो. अडल्या रुग्णाला वाहन किंवा गावची स्वच्छता यांसाठी तो वापरता येतो. मात्र समितीत कोण आहे आणि पैसा कशावर गेला, हे ग्रामसभेत वाचून दाखवले नाही, तर समिती कागदावरच राहते.

सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी या भागांत आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले ज्या घरांत आहेत, नेमकी तीच घरे हिवाळ्यातल्या बैठकीत नसतात. म्हणून इथे एक बैठक ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी आणि दुसरी त्या परतल्यावर घ्यायला हवी. पहिल्या बैठकीत आशाताईंनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत दिल्याची खात्री करावी. दुसरीत फडावर कुठली लस चुकली आणि बाळंतपण कुठे झाले, हे त्या कुटुंबांकडूनच ऐकून प्रगतिपत्रकात नोंदवावे.